वरीलप्रमाणे

माझ्या बायकोनं सकाळी पाणी प्यावं, एवढंच माझं म्हणणं होतं. पुढे जे काही झालं, म्हणजे दोरीनं बांधलेले गठ्ठे, मावशींची किल्ली आणि तिसऱ्या मजल्यावर पंचवीस अनोळखी माणसांसमोर निघता निघता राहिलेले माझे धिंडवडे, त्यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. मी फक्त ग्लास पुढे केला होता.

माझी बायको व्हीलचेअर वापरते. लहानपणापासून वापरते, आणि मी सायकल चालवतो त्यापेक्षा कितीतरी सफाईनं ती खुर्ची चालवते. (मी सायकलवरून तीनदा पडलोय. ती खुर्चीवरून एकदाही नाही. आमच्या घरात वादाचा कोणताही विषय शेवटी या आकडेवारीवर येऊन थांबतो.) तिचं बाकी सगळं माझ्यापेक्षा व्यवस्थित असतं. पण बाहेर जायचं ठरलं की ती आदल्या दिवशी दुपारपासून पाणी तोडते. संध्याकाळचा चहा अर्धा कप. रात्री जेवणाबरोबर दोन घोट. सकाळी निघताना नुसते ओठ ओले करणार. कारण अगदी साधं आहे, बाहेर तिला जायला जागा नसते. असली तर पायऱ्या असतात, पायऱ्या नसल्या तर दार अरुंद असतं, दार रुंद निघालं तर त्याला कुलूप असतं आणि कुलूप नसलं तर कडीच नसते.

लग्नाआधी मला वाटायचं, काही माणसांना तहानच कमी लागते, तशी ही असेल. लग्नानंतर वर्षभरात लघवीच्या संसर्गानं ती दोनदा तापानं फणफणली. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तपासणी संपवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, घरात पाणी येत नाही का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी पेटलो.

मला पेटायला तसा फार वेळ लागत नाही. दिवसा मी नगर कार्यालयाच्या सुविधा विभागात क्लार्क आहे आणि संध्याकाळी मी चळवळ आहे. आम्ही चौघं मित्र मिळून 'अडथळामुक्त शहर' या विषयावर भाषणं देतो. दोन हजार पत्रकंही छापून घेतली आहेत. त्यातली साठ वाटून झाली. उरलेली खोक्यांमध्ये भरून घरातल्या बोळात ठेवली आहेत. हा बोळ बेडरूममधून बाथरूमकडे जातो. बायकोची खुर्ची त्यातून जाते, पण जाताना तिची कोपरं खोक्यांना घासतात. खोकी हलव, असं ती तीनदा म्हणाली होती. मी तिन्ही वेळा रविवारी, असं म्हणालो होतो. कोणत्या रविवारी, ते तिनं विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

तर त्या सकाळी तिची मुलाखत होती. नोंदणी कार्यालयात रेकॉर्डकीपरची जागा निघाली होती. जुने कागद लावणं, शोधणं, सांभाळणं हे काम तिच्या हाडीमासी आहे. आमच्या घरातलं विजेचं बिल मला कधी सापडत नाही आणि तिला ते न बघता सापडतं. गेल्या दोन वर्षांत तिनं पाच ठिकाणी अर्ज केले होते. दोन मुलाखतींना इमारतीत वरच जाता आलं नाही. तिसरीत ती वर पोचली, पण तीन तास थांबावं लागलं आणि चौथ्या तासाला तिला नंबर सोडून घरी यावं लागलं. का ते सांगायला नको. त्यामुळे ही मुलाखत तिच्यासाठी काय होती, हे मला ठाऊक होतं. निदान मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

सकाळी साडेआठला मी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"आज नको," ती म्हणाली.

"आजच," मी म्हणालो. "त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खास स्वच्छतागृह आहे. रुंद दार, धरायला दांडा, सगळं. आमच्या खात्याच्या यादीत आहे. पाहणी झालेली आहे."

"कोणी केली?"

"खात्यानं."

(खातं म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. तो मला पावणेअकराला पडला.)

ती ग्लासाकडे बघत राहिली. मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हणालो, पाणी पिणं हा हक्क आहे आणि हक्क सोडून मिळालेली नोकरी ही नोकरी नव्हे. तू जेवढं पिशील तेवढंच मी पिईन. घोटाला घोट.

"तू कुठल्याही भिंतीआड जाऊन उभा राहू शकतोस," ती म्हणाली. "तुझं पिणं म्हणजे त्याग नाही रे, नुसती तहान आहे."

पण तिनं ग्लास उचलला. मला खात्री आहे, तिनं तो माझ्या युक्तिवादासाठी उचलला नाही. आदल्या दुपारपासून तिनं पाणी तोडलं होतं आणि तिला खरंच तहान लागली होती. तिनं दोन ग्लास पाणी आणि एक पूर्ण कप चहा घेतला. मीही दोन ग्लास पाणी आणि एक कप चहा घेतला, आणि वर उत्साहाच्या भरात आणखी एक ग्लास. क्रांती सुरू झाली होती.

दहा वाजता आम्ही नोंदणी कार्यालयात पोचलो. इमारत नवी, पाच मजली. दारात उतार होता आणि उताराच्या टोकाला कोणीतरी शोभेसाठी झाडाची मोठी कुंडी ठेवली होती. मी ती सरकवली. (कंबरेत जरा चमक भरली, पण चळवळीत असं व्हायचंच.) लिफ्ट चालू होती. मी बायकोकडे विजयी नजरेनं बघितलं. ती म्हणाली, अजून वर पोचायचंय.

तिसऱ्या मजल्यावर बाकांवर उमेदवार बसले होते. मुलाखती अकराला सुरू होणार होत्या आणि तिचा नंबर सातवा होता. साडेदहाला तिनं माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. मी तयारच होतो. बोळाच्या टोकाला ते दार दिसत होतं. त्यावर व्हीलचेअरचं निळं चित्र होतं आणि चित्राच्या बरोबर खाली भलंमोठं कुलूप.

किल्ली कोणाकडे आहे असं विचारल्यावर सगळ्यांनी एका शिपायाकडे बोट दाखवलं. या शिपायाच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा होता की तो एका बाजूला कलून चालायचा. मी त्याला मनातल्या मनात जुडगेवाले म्हणायला लागलो.

"ही किल्ली जुडग्यात नसते," जुडगेवाले म्हणाले. "ती महत्त्वाची आहे. हरवू नये म्हणून वेगळी ठेवलीय."

"कुठे?"

"तेच जरा आठवायला लागेल."

ते आठवायला बसले. म्हणजे खरोखर स्टुलावर बसले. मी त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालायला लागलो. आधी विचारांनी घालत होतो, पण थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की माझ्या येरझाऱ्यांना आता दुसरंही एक कारण आहे. तिसऱ्या ग्लासानं काम सुरू केलं होतं. पुरुषांच्या स्वच्छतागृहाकडे नजर टाकली, तर तिथे दोन बाकं आडवी लावून 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी अडकवलेली होती. पाटीवर इतकी धूळ होती की दुरुस्ती चालू होऊन बराच काळ लोटला असावा.

जुडगेवाल्यांनी दोन कपाटं उघडली, एक खण उपसला, कोणालातरी फोन केला आणि शेवटी ती किल्ली स्वतःच्याच डब्याच्या पिशवीत सापडली. पावणेअकरा वाजले होते. कुलूप करकरलं, दार उघडलं आणि आम्ही तिघांनी आत बघितलं.

आत जमिनीपासून छतापर्यंत कागद होते. दोरीनं बांधलेले गठ्ठे, एकावर एक. कमोडवर गठ्ठे, बेसिनमध्ये गठ्ठे. हाताला आधार म्हणून भिंतीत बसवलेल्या स्टीलच्या दांड्यावर एक ओली लादीपुसणी वाळत घातलेली होती. दांडा मात्र खरंच भक्कम होता, हे मला मान्य करावं लागेल.

"रेकॉर्ड रूममध्ये जागा नाही ना," जुडगेवाले म्हणाले. "आणि इथे तसं कोणी येत नाही."

"कुलूप लावल्यावर कोण येणार?" मी म्हणालो.

"कोणी येत नाही म्हणूनच तर कुलूप लावलं."

 

 बायको दारात खुर्ची लावून गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होती. माझ्या मते तिला धक्का बसला होता. तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी आत्ता याचा निकाल लावून येतो. ती म्हणाली, अरे, थांब, आधी कोणालातरी विचारू या. पण मी तोपर्यंत जिन्यात होतो. तक्रारीची खिडकी पाचव्या मजल्यावर होती आणि लिफ्टची वाट बघण्याइतका धीर माझ्या एकाही अवयवात उरला नव्हता.

खिडकीतल्या माणसानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तीन प्रतींत अर्ज लिहा म्हणाला. मी उभ्याउभ्या लिहिला. उभ्याउभ्या म्हणजे, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. 'ही केवळ गैरसोय नसून हा माणुसकीचा अपमान आहे' हे वाक्य तिसऱ्या प्रतीत 'ही केवळ गैरसोय आहे' एवढंच उरलं, यावरून माझी अवस्था ओळखा.

"अशी तपासणी नगर कार्यालयाच्या सुविधा विभागाकडे असते," तो अर्ज वाचत म्हणाला. "हा तिकडे पाठवतो. तिथे एक क्लार्क आहे, असे अर्ज तोच बघतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका."

तो क्लार्क मी आहे. पण हे सांगण्याची ती जागा नव्हती आणि वेळ तर मुळीच नव्हती.

धडपडत तिसऱ्या मजल्यावर आलो. बायको जागेवर नव्हती. बाकांपाशी नव्हती, त्या दारापाशी नव्हती. अकरा वाजून गेले होते आणि आतून पहिला उमेदवार बाहेर पडत होता. माझ्या डोळ्यांसमोर मागची मुलाखत आली, तो चौथा तास आला आणि घरी परतताना गाडीत तिनं खिडकीबाहेर लावलेली नजर आली. ती गेली, असं मला वाटलं. पुन्हा नंबर सोडून गेली, आणि या वेळी माझ्यामुळे. मी तिला पाणी पाजलं म्हणून.

माणूस घाबरला की एकतर गप्प होतो किंवा भाषण करतो. मी चळवळीतला असल्यामुळे पहिला पर्याय मला उपलब्ध नव्हता.

मी त्या उघड्या दारासमोर उभा राहिलो आणि बोललो. बघा, म्हणालो, डोळे उघडून बघा. माझी बायको इथे नोकरी मागायला आली होती, भीक मागायला नाही. तिला एक साधी गोष्ट हवी होती, जी तुम्हा सगळ्यांना रोज मिळते आणि मिळाल्याचं तुम्हाला कळतही नाही. कागदांना बसायला कमोड आहे आणि माणसाला नाही. उमेदवार उठून जवळ आले. पलीकडच्या खोल्यांतले कर्मचारी आले. आजवरच्या माझ्या कुठल्याही सभेला एवढी गर्दी जमली नव्हती, त्यामुळे मी आणखी पुढे गेलो. माझ्या बायकोला यातलं नेमकं काय हवं होतं, कधीपासून हवं होतं आणि सकाळी किती ग्लास पाणी झालं होतं, हा सगळा तपशील मी त्या पंचवीस जणांना दिला.

"अहो, पण हे मान्यताप्राप्त आहे," जुडगेवाले कळवळून म्हणाले. बिचाऱ्याला वाटलं, सगळं त्याच्यावर शेकणार. त्यानं दार अर्धं ओढून घेतलं आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद दाखवला. "हे बघा प्रमाणपत्र. पाहणी करून खात्री केली, सर्व सोयी उपलब्ध. खाली सही आहे."

मी त्या कागदाकडे बोट रोखलं. माझा आवाज आता जिन्यापर्यंत जात होता. म्हणालो, आता तुम्हाला खरा गुन्हेगार दाखवतो. तो हा शिपाई नाही. तो एक खुर्चीत बसलेला, बेफिकीर माणूस आहे, ज्यानं इथे पाऊलही न टाकता सही ठोकली. त्याचं नाव वाचा. त्याला इथे आणून उभं करा.

पाच-सहा जण वाकून सही वाचायला लागले. कोणालाच लागेना. एकजण म्हणाला, हे नाव नसून चित्र असावं.

"मला वाचता येते," मागून आवाज आला.

गर्दी बाजूला झाली. बायको तिथे खुर्चीत बसली होती, चेहरा धुतलेला, केस नीट केलेले, अगदी निवांत. तिच्याशेजारी हातात बादली घेऊन सफाईच्या मावशी उभ्या होत्या. ती खुर्ची पुढे घेऊन आली आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"मांजराच्या शेपटीसारखी ही सही आपल्या लग्नाच्या कागदावरही आहे. तिथे तरी वाचून केली होतीस का?"

मी कागदाकडे नीट बघितलं. शेपटी माझीच होती.

आता मला आठवलं. मागच्या वर्षी खात्याकडे शहरातल्या त्रेचाळीस सार्वजनिक इमारतींची यादी आली होती. प्रत्येकीसाठी अकरा रकाने. रुंद दार आहे का, दांडा आहे का, वापरात आहे का, असे. मी पहिली इमारत अगदी मनापासून तपासली. ती आमचीच होती आणि तिथलं स्वच्छतागृह माझ्या टेबलामागेच आहे. अकराही रकान्यांत 'होय' लिहिलं. मग घड्याळात बघितलं तर साडेपाच झालेले, आणि सहाला माझं भाषण होतं. विषय, 'सार्वजनिक जागा कोणाच्या?' तेव्हा दुसऱ्या ओळीत मी 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं. तिसऱ्या ओळीत 'वरीलप्रमाणे'. अशा बेचाळीस इमारती मी पंधरा मिनिटांत अडथळामुक्त केल्या. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं अक्षर सुरेख आहे म्हणून शाबासकी दिली, टाईप केलेली त्रेचाळीस प्रमाणपत्रं पुढे ठेवली आणि मी एका दमात त्रेचाळीस शेपट्या काढल्या. (भाषण मात्र खरंच रंगलं होतं.)

गर्दी अजून सहीचं नाव कळायची वाट बघत होती. बायकोनं त्यांना सांगितलं की सही नीटशी लागत नाही, आणि आपण सगळे मुलाखतीला आलो आहोत तर तिकडे बघू या. लोक पांगले. मला वाचवण्यासाठी ती आयुष्यातलं पहिलं खोटं बोलली असावी, कारण बोलताना तिचे कान लाल झाले होते. किंवा ते माझ्या भाषणामुळे असतील.

"तू गेली होतीस कुठे?" मी विचारलं.

ती म्हणाली, तू जिन्यात पळालास तेव्हा मी या मावशींना विचारलं. बस, एवढंच. मावशींनी तिला मोठ्या बाईंच्या, म्हणजे या कार्यालयाच्या प्रमुख अधिकाऱ्यांच्या, खासगी स्वच्छतागृहात नेलं होतं. रुंद दार, दोन्ही बाजूंना दांडे, गरम पाणी. आधीच्या साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवसांत सगळं करून घेतलेलं. एका गुडघ्यासाठी आठ दिवस लागले. बाकीच्यांसाठी आमच्या खात्यात फाईल सहा वर्षं फिरतेय.

"पण किल्ली?" मी मावशींना विचारलं.

"झाडायला लागतं म्हणून सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात," मावशी म्हणाल्या. "मला कोणी विचारतच नाही. सगळे त्या जुडग्याकडे जातात."

तेवढ्यात मला माझी स्वतःची परिस्थिती पुन्हा आठवली. भाषणाच्या भरात ती मागे पडली होती, आता दुप्पट जोरानं आली. मी आवाज शक्य तितका लीन करून मावशींना म्हणालो, मलाही पाच मिनिटं मिळाली तर.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाईंच्या बाथरूममध्ये पुरुष माणूस? माझी नोकरी घालवताय का? रस्त्यापलीकडे आहे की, जा."

पण तेवढ्यात बायकोचा नंबर पुकारला गेला. मधले पाचही उमेदवार माझ्या भाषणानंतर घाबरून निघून गेले होते. तिनं ओढणी सारखी केली, जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, मला नोकरी हवी होती. मोर्चा नको होता." आणि आत गेली.

ती बाहेर येईपर्यंत मी तिथून हलणार नव्हतो. माझ्यामुळे काही बिघडलं असेल तर निदान समोर असावं. मी बाकावर बसलो. मग उभा राहिलो. पायावर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचल्या. कुठूनतरी नळाचा आवाज आला तेव्हा मी डोळे मिटून पाढे म्हटले. सतरा सत्ते मला एरवीही येत नाही, तेव्हा तर काहीच येईना. पंचवीस मिनिटं झाली असतील. डोक्यात दुसरा कुठला विचार टिकतच नव्हता, ना हक्क, ना चळवळ, ना लोकशाही. आणि ही बाई असल्या अवस्थेत शाळा शिकली, कॉलेज शिकली, परीक्षा दिल्या, आणि त्यात पहिली आली. मला त्या अवस्थेत स्वतःचं नावही लिहिता आलं नसतं. (आता तुम्ही म्हणाल, एरवी तरी कुठे लिहिता येतं.)

शेवटी ती बाहेर आली. लिफ्टमध्ये तिनं सांगितलं. मोठ्या बाईंनी विचारलं होतं की आमच्याकडे जुन्या कागदांचा फार घोळ आहे, जन्मनोंदींची नऊ वर्षांची रजिस्टरं तीन वर्षांपासून सापडत नाहीत, लोक दाखल्यांसाठी रोज भांडतात. तुम्ही आलात तर पहिलं काम काय कराल?

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ती आधी कमोडवरून उचलीन. नऊच्या नऊ तिथेच आहेत. वर्षवार चिठ्ठ्याही आहेत. तू निकाल लावायला गेलास तेव्हा वाचल्या."

"मग?"

"मग बाई उठून बघायला गेल्या. तू तेव्हा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होतास. माझ्या आधी सहा जण त्याच दारासमोर उभे राहून तुझं भाषण ऐकत होते. कोणी आत बघितलंच नव्हतं."

खाली आल्याबरोबर मी रस्ता ओलांडला.  रस्त्यापलीकडच्या जागेपुढे रांग होती, म्हणून गाडी केली आणि घरी आलो. दार उघडलं आणि मी बोळातून बाथरूमकडे धावलो. मधल्या खोक्यांचा मला पूर्ण विसर पडला होता. पहिलं खोकं गुडघ्याला लागलं, दुसऱ्यावर मी आडवा झालो आणि तिसरं माझ्यावर. 'अडथळामुक्त शहर' या मथळ्याची एकोणीसशे चाळीस पत्रकं बोळभर पसरली. त्यांच्यावरून सरपटत मी कसाबसा पोचलो. (वेळेत पोचलो का, असं विचारू नका. काही गोष्टी नवरा-बायकोतच राहाव्यात.)

बाहेर आलो तेव्हा ती बोळाच्या तोंडाशी खुर्ची लावून ती पत्रकं बघत होती. हसत नव्हती. निदान आवाज करून तरी हसत नव्हती.

आठ दिवसांनी तिचं नेमणुकीचं पत्र आलं. रुजू झाल्यावर तिनं पहिल्याच आठवड्यात ती रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये हलवली, आणि त्या निळ्या चित्राच्या दाराचं कुलूप काढून थेट मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. आता ते दार उघडं असतं. ती ऑफिसला निघताना पूर्ण कप चहा पिते. मी समोर बसून बघतो, पण घोटाला घोट पीत नाही.

माझा अर्जही यथाकाल माझ्या टेबलावर आला. वर साहेबांचा लाल शाईतला शेरा होता: त्रेचाळीसही इमारतींची समक्ष जाऊन फेरतपासणी करावी, सोबत टेप न्यावी आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्या एका व्यक्तीचं मत घ्यावं. मी कोरा तक्ता घरी आणला आणि बायकोला म्हटलं, प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती तूच. रविवारपासून सुरुवात करू.

ती म्हणाली, आधी सरावासाठी एक ओळ आत्ताच भरू. तिनं टेप घेतली, बोळात गेली, मापं घेतली आणि पाच मिनिटांत अकरा रकाने भरून तक्ता माझ्यापुढे ठेवला. तपासणी करणाऱ्याची सही इथे, म्हणून तिनं बोटानं जागा दाखवली. तिचं अक्षर सुरेख आहे. मी खूष होऊन शेपटी काढली आणि मग वाचायला घेतलं.

स्थळ: राहतं घर. मार्गात अडथळा आहे का: होय. अडथळ्याचं स्वरूप: नवरा व त्याची खोकी. अडथळा किती काळापासून आहे: लग्नापासून. तो दूर करण्याचं आश्वासन कोणी दिलं: नवरा. कोणत्या दिवसाचं: रविवारचं. आश्वासन पाळलं का: नाही. त्या पुढच्या रविवारी: वरीलप्रमाणे. त्याच्या पुढच्या: वरीलप्रमाणे. खोकी आता कोण उचलणार: सही करणारा. कधी: सही वाळायच्या आत.